उबदार घरांचे अर्थकारण

युरोपीय संघातल्या घरांमध्ये वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरली जाते, तिच्यातला साठ टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या खोल्या उबदार ठेवण्यावर खर्च होतो. आंघोळीचे पाणी, स्वयंपाक, दिवे, फ्रीज, धुलाईयंत्र हे सगळे उरलेल्या वाट्यात येते. ही ऊब बहुतेक ठिकाणी काहीतरी जाळूनच मिळवली जाते. ब्रिटनमध्ये सुमारे ८५ टक्के घरांत गॅसवर चालणारा बॉयलर आहे. जर्मनीत जवळपास निम्मी घरे गॅसवर तापतात आणि खेड्यापाड्यांत अजून तेलाच्या टाक्या आहेत. पोलंडमध्ये घरोघरी कोळशाच्या भट्ट्या होत्या, आजही पुष्कळ उरल्या आहेत. हवामानबदलाला आवर घालायचा, परदेशी गॅसवरचे अवलंबित्व कमी करायचे आणि सामान्य माणसाचे हिवाळ्यातले बिलही आटोक्यात ठेवायचे, तर ही जुनी यंत्रे बदलणे भाग आहे. त्यासाठी तिथली सरकारे अनुदान, करसवलत, स्वस्त कर्ज अशा नाना वाटांनी नागरिकांच्या हातात पैसे देतात. यातल्या काही योजनांनी खरोखर घरे बदलली, काही सहा महिन्यांत गुंडाळल्या गेल्या, आणि एका योजनेपायी तर एका प्रांताचे सरकार कोसळले.

खासगी घरातल्या यंत्रासाठी सरकारने पैसे द्यावेत कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कर्बवायूचा भुर्दंड घरमालकाला पडत नाही, तो सगळ्या जगाला पडतो. त्यामुळे बाजारावर सोडले तर बदल होत नाही. दुसरे उत्तर अधिक व्यवहाराचे आहे. बॉयलर चालू असेपर्यंत कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो बंद पडतो तो बहुधा ऐन थंडीत, घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले कुडकुडत असताना, आणि मग दोन-तीन दिवसांत नवा बसवून हवा असतो. अशा वेळी ओळखीचा कारागीर जुन्याच जातीचा नवा बॉयलर आणून बसवतो. एकदा तो बसला की पुढची पंधरा वर्षे त्या घरात तोच. ब्रिटनमध्ये नवा गॅस बॉयलर साधारण अडीच-तीन हजार पौंडांत बसतो, तर हीट पंपाला बारा-तेरा हजार लागतात. चालवताना पैसे वाचतील हे खरे असले, तरी आधी एवढी रक्कम उभी कोण करणार? हा सुरुवातीचा चढ कमी करणे हेच अनुदानाचे मुख्य काम आहे.

हीट पंप कसा चालतो हे समजून घेतल्याशिवाय या योजनांचे बरेवाईट कळत नाही. फ्रीज आतली उष्णता शोषून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम उलट दिशेने करतो. घराबाहेरच्या पेटीतला पंखा बाहेरची हवा खेचतो, नळ्यांतून फिरणारे शीतद्रव्य त्या गार हवेतूनही उष्णता घेते, कॉम्प्रेसर त्याचे तापमान वाढवतो आणि ती उष्णता घरातल्या पाण्याला दिली जाते. वीज लागते ती फक्त उष्णता एका जागेवरून दुसरीकडे न्यायला. म्हणून एक युनिट वीज खर्चून तीन, कधी चार युनिट उष्णता घरात येते. उत्तम गॅस बॉयलर एक युनिट गॅसमधून फार तर नव्वद-ब्याण्णव टक्के उष्णता काढतो. हवेऐवजी जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून उष्णता घेणाऱ्या पंपाची कार्यक्षमता आणखी बरी असते, पण खोदकामाचा खर्च मोठा असतो.

या यंत्राची एक अट मात्र आहे. बॉयलर रेडिएटरमध्ये ६५-७० अंशांचे पाणी सोडतो. हीट पंप ४५-५० अंशांच्या पाण्यावर चांगला चालतो. पाणी जितके जास्त तापवायचे तितकी त्याची कार्यक्षमता घसरते. कोमट पाण्यातून तेवढीच ऊब हवी असेल तर रेडिएटर मोठे लागतात, आणि भिंती, छप्पर, खिडक्यांतून उष्णता गळत असेल तर ती आधी अडवावी लागते. अनुदानाच्या योजना आखताना ही साधी गोष्ट वारंवार विसरली गेली आहे.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोधप्रद आहे, कारण तिथे जवळपास प्रत्येक पद्धत करून पाहिली गेली. सुरुवात सक्तीने झाली. २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा गॅस बॉयलर बसवायचा तर तो कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुराड्यातून वाया जाणारी वाफेतली उष्णताही परत वापरणारा असलाच पाहिजे असा नियम झाला. यात सरकारचा पैसा गेला नाही आणि काही वर्षांत घरोघरचे बॉयलर सुधारले. या विषयावर लिहिताना अनुदानांचीच चर्चा होते. हा रूक्ष नियम मात्र सहसा कोणाला आठवत नाही. २०१० च्या जानेवारीत त्याला भंगार-योजनेची जोड मिळाली. सर्वांत खालच्या श्रेणीचा चालू बॉयलर मोडीत काढणाऱ्याला ४०० पौंड दिले जात. सव्वा लाख कुटुंबांपुरतीच ही योजना होती आणि तिला चांगला प्रतिसाद मिळाला. रक्कम लहान, नियम सोपा, काम ओळखीचे; कारागिरालाही नवे काही शिकायचे नव्हते.

२०१३ मध्ये आलेली 'ग्रीन डील' ही कर्जाची योजना कागदावर फार सुबक होती. घरमालकाने खिशातून काहीच द्यायचे नाही. घराच्या सुधारणेचे कर्ज त्या घराच्या वीजबिलाला जोडायचे आणि होणाऱ्या बचतीतून ते फिटायचे. घर विकले तर कर्ज नव्या मालकाच्या बिलावर जाणार. हप्ता अपेक्षित बचतीपेक्षा जास्त नसावा, हा तिचा सुवर्णनियम. पण व्याज सात टक्क्यांच्या घरात आणि त्याहून वर होते, कागदपत्रे किचकट होती, आणि कर्ज लागलेले घर विकताना गिऱ्हाईक नाक मुरडेल ही धास्ती होती. २०१५ मध्ये सरकारने तिचा निधी थांबवला तोपर्यंत जेमतेम १४ हजार कुटुंबांनी ते कर्ज घेतले होते. बँकेत याहून स्वस्त कर्ज मिळत असताना लोकांनी ते का घ्यावे, याचे उत्तर योजनेत नव्हतेच.

तिच्याच जोडीला एप्रिल २०१४ पासून घरांसाठी 'रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह' सुरू झाला. यात बसवतेवेळी पैसे मिळत नसत. हीट पंप, लाकडी गोळ्यांचा बॉयलर किंवा सौर पाणीतापक बसवणाऱ्याला निर्माण झालेल्या नवीकरणीय उष्णतेच्या प्रत्येक युनिटमागे ठरलेल्या दराने, दर तिमाहीला, सात वर्षे रक्कम मिळे. एकूण हिशेबात ती बऱ्यापैकी भरायची. पण बारा-पंधरा हजार पौंड आधी घालून सात वर्षे थोडेथोडे परत घेणे ज्यांना परवडते, असेच लोक तिचा लाभ घेऊ शकत होते. ज्यांच्या घरात थंडी जास्त आणि बँकेत शिल्लक कमी, त्यांच्यापर्यंत ती फारशी पोचली नाही. मार्च २०२२ अखेर ती नव्या अर्जांना बंद झाली.

याच कल्पनेच्या उत्तर आयर्लंडमधल्या अवताराने मोठा उत्पात घडवला. तिथे नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झालेली योजना घरांसाठी नव्हती, व्यवसायांसाठी होती. पण प्रोत्साहनाचे गणित चुकले की काय होते ते तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. ग्रेट ब्रिटनच्या योजनेत ठरावीक तासांपलीकडे बॉयलर चालवला तर दर एकदम खाली येत असे. उत्तर आयर्लंडच्या नियमांत ही पायरी घातलीच नव्हती, आणि लाकडी गोळ्यांवर जेवढा खर्च होई त्याहून मिळणारा दर जास्त होता. म्हणजे जितके जास्त जाळावे तितका जास्त नफा. गरज नसताना रात्रंदिवस बॉयलर चालू ठेवल्याच्या तक्रारी झाल्या; वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला 'राखेसाठी रोकड' असे नाव दिले. ती पायरी २०१५ च्या नोव्हेंबरात घातली गेली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत योजना नव्या अर्जदारांना बंद झाली, पण तोवर वीस वर्षांचे करार होऊन बसले होते. सुरुवातीला ही योजना राबवणाऱ्या खात्याच्या मंत्री असलेल्या आर्लीन फॉस्टर तोवर प्रांताच्या प्रथममंत्री झाल्या होत्या. त्यांनी चौकशीपुरते पद सोडावे ही मागणी फेटाळली गेल्यावर उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी ९ जानेवारी २०१७ रोजी राजीनामा दिला, आणि सत्तावाटपावर उभे असलेले सरकार कोसळले. ते पुन्हा उभे राहायला तीन वर्षे लागली. सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशी समितीने मार्च २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात भ्रष्टाचारापेक्षा गलथानपणाच जास्त आढळला: खात्यात योजना सांभाळायला माणसे पुरेशी नव्हती आणि नियम नीट वाचून तपासले गेले नव्हते.

ब्रिटिश सरकारची त्यानंतरची चूक घाईची होती. करोनाकाळात बांधकाम क्षेत्राला काम मिळावे आणि घरेही सुधारावीत या दुहेरी हेतूने सप्टेंबर २०२० मध्ये दीड अब्ज पौंडांची 'ग्रीन होम्स ग्रँट' सुरू झाली. खर्चाच्या दोन तृतीयांश, कमाल पाच हजार पौंड. अल्प उत्पन्न गटाला पूर्ण खर्च, कमाल दहा हजार. सहा लाख घरे सुधारायची होती. पण नोंदणीकृत कारागीर पुरेसे नव्हते, अर्ज तपासणारी यंत्रणा तयार नव्हती, आणि काम करून बसलेल्या लहान ठेकेदारांचे पैसे महिनोन् महिने अडकले. मार्च २०२१ अखेर योजना बंद झाली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे तिच्यातून सुमारे साडेसत्तेचाळीस हजार घरे सुधारली आणि सुमारे ३१ कोटी पौंडांच्या खर्चातले ५ कोटी केवळ प्रशासनावर गेले. याहून मोठे नुकसान आकड्यांत मावत नाही. सरकारच्या भरवशावर माणसे नेमणाऱ्या, त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या छोट्या उद्योगांना त्यांना कामावरून कमी करावे लागले, आणि पुढच्या योजनेच्या वेळी ते सावध राहिले.

सध्या इंग्लंड आणि वेल्समध्ये चालू असलेली 'बॉयलर अपग्रेड स्कीम' मे २०२२ मध्ये अर्जांना खुली झाली. आधीच्या ठेचांमधून शिकून ती आखली आहे हे तिच्या रचनेत दिसते. आधी हवेवरच्या हीट पंपाला पाच हजार आणि जमिनीतल्या पंपाला सहा हजार पौंड मिळत. २३ ऑक्टोबर २०२३ पासून दोन्हींना साडेसात हजार मिळू लागले. अर्ज घरमालकाला करावा लागत नाही. 'एमसीएस' या प्रमाणन-योजनेचे प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर आधी घरी येऊन खोलीनिहाय मापे घेतो: भिंती एकपदरी की पोकळीच्या, माळ्यावर उष्णतारोधक थर किती जाड, खिडक्यांच्या काचा किती पदरी, हिवाळ्यात बाहेरचे तापमान कितीपर्यंत उतरते. त्यावरून प्रत्येक खोलीतून किती वॉट उष्णता गळते ते काढून पंपाची क्षमता आणि रेडिएटरचे आकार ठरतात. ज्या घरात आधी गरम पाण्याची टाकी नव्हती तिथे टाकीसाठी एखादे कपाट रिकामे करावे लागते, आणि पुष्कळदा कुटुंबाची खरी कुरकुर याच मुद्द्यावर असते. मग दरपत्रक ठरते, इन्स्टॉलर 'ऑफजेम' या नियामक संस्थेकडे अर्ज करतो, संस्था घरमालकाकडून ईमेलवर संमती घेते आणि व्हाउचर देते. हवेवरच्या पंपासाठी ते तीन महिने चालते, जमिनीतल्या पंपासाठी सहा महिने. काम पूर्ण झाल्यावर पैसे इन्स्टॉलरला मिळतात. घरमालकाच्या बिलातून तेवढी रक्कम आधीच वजा केलेली असते. याखेरीज एप्रिल २०२२ पासून मार्च २०२७ पर्यंत अशा कामावरचा मूल्यवर्धित कर शून्य आहे. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे. तिथे साडेसात हजारांचे अनुदान आणि तितकेच बिनव्याजी कर्ज मिळू शकते, तर दुर्गम आणि ग्रामीण भागासाठी अनुदानात दीड हजारांची भर आहे.

छोट्या अटी किती अडवतात हेही याच योजनेत दिसले. माळ्याच्या किंवा भिंतींच्या उष्णतारोधनाची शिफारस ऊर्जा-प्रमाणपत्रात बाकी असेल तर आधी ती पूर्ण करा, अशी अट होती. ती मे २०२४ मध्ये काढली. हीट पंप शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर लांब हवा, नाहीतर नियोजन खात्याची परवानगी घ्या, हा इंग्लंडमधला नियम २०२५ मध्ये गेला. ओळीने चिकटून असलेल्या घरांच्या वस्त्यांत या एका मीटरने पुष्कळ लोकांना परत पाठवले होते. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार हीट पंप विकले गेले, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा दीडपटीहून जास्त. पण २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाखांचे तेव्हाचे उद्दिष्ट समोर ठेवले तर ही मजल फार लहान होती.

अडथळा अनुदानाच्या रकमेत नाही, विजेच्या दरात आहे. वर्षाला १२ हजार युनिट उष्णता लागणारे एक मध्यम घर घेऊ. गॅसचा दर युनिटला सुमारे ६ पेनी आणि विजेचा २६ पेनी धरू. २०२५ मधल्या ब्रिटिश दरांशी हे आकडे मिळतेजुळते आहेत. नव्वद टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला सुमारे १३,३०० युनिट गॅस लागेल आणि खर्च होईल ८०० पौंड. तिप्पट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला ४ हजार युनिट वीज लागेल आणि खर्च येईल १,०४० पौंड. म्हणजे एक तृतीयांशाहून कमी ऊर्जा वापरूनही बिल वाढले! पंप उत्तम बसवून त्याने चौपट उष्णता दिली तर वीज ३ हजार युनिट, खर्च ७८० पौंड. तेव्हा कुठे बरोबरी साधते. गॅसची जोडणी पूर्ण काढून टाकली तर तिचा स्थिर आकार वाचतो, एवढाच काय तो जास्तीचा दिलासा. वीज गॅसच्या चौपट महाग असण्यामागे एक मोठे कारण असे की पवन आणि सौर ऊर्जेला पूर्वी दिलेल्या आधाराचा बोजा तिथे वीजबिलावर टाकलेला होता, गॅसच्या बिलावर जवळजवळ नाही. म्हणजे सरकार एका हाताने हीट पंपाला अनुदान देत होते आणि दुसऱ्या हाताने त्याचे इंधन महाग करत होते. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात यातल्या एका मोठ्या आकाराचा घरगुती ग्राहकांवरचा तीन चतुर्थांश भार एप्रिल २०२६ पासून सर्वसाधारण करांतून उचलण्याचे ठरले. हीट पंपांच्या दृष्टीने हा निर्णय एखाद्या नव्या अनुदानाइतकाच मोलाचा आहे.

जर्मनीने अनुदान आणि सक्ती यांची सांगड घालायचे ठरवले. नव्याने बसणारी तापनव्यवस्था किमान ६५ टक्के नवीकरणीय ऊर्जेवर चालावी, असा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. मसुदा २०२३ मध्ये बाहेर येताच मोठे वादळ उठले. तेव्हाचे आर्थिक व्यवहार आणि हवामान मंत्री रॉबर्ट हाबेक सरकारी फौजफाटा घेऊन तळघरातला बॉयलर उचलून नेणार, अशा थाटाचा प्रचार झाला, आणि परिणाम अगदी उलटा झाला. नियम लागू होण्याआधी गॅसचा बॉयलर बसवून घ्यावा म्हणून लोकांनी रांगा लावल्या. त्या वर्षी हीट पंपही विक्रमी, ३ लाख ५६ हजार विकले गेले, पण २०२४ मध्ये ती संख्या १ लाख ९३ हजारांवर आली. संभ्रमात सापडलेले लोक हात आखडून बसले.

जर्मन अनुदानाची रचना मात्र विचारपूर्वक केलेली आहे आणि इतरांनी तिचा अभ्यास करावा अशी आहे. मूळ अनुदान खर्चाच्या ३० टक्के. राहत्या घरातली जुनी तापनव्यवस्था लवकर बदलणाऱ्याला आणखी २० टक्के. करपात्र कौटुंबिक उत्पन्न ४० हजार युरोंच्या आत असलेल्या राहत्या घरमालकाला आणखी ३० टक्के. जमिनीतली किंवा पाण्यातली उष्णता वापरणाऱ्या, अथवा नैसर्गिक शीतद्रव्याच्या पंपाला ५ टक्के. बेरीज कितीही झाली तरी ७० टक्क्यांवर मर्यादा, आणि एका घरासाठी ३० हजार युरोंपर्यंतचाच खर्च धरला जातो. म्हणजे जास्तीत जास्त २१ हजार युरो. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात, म्हणून भाडेकरूचाही विचार आहे: घरमालकाने नवी यंत्रणा बसवून भाडे वाढवले, तरी त्यापायी महिन्याला चौरस मीटरमागे ५० सेंटपेक्षा जास्त वाढ करता येत नाही. यंत्राचा खर्च मालकाचा आणि बिलाची बचत भाडेकरूची, ही गाठ बहुतेक देशांच्या योजनांनी सोडवायला घेतलेलीच नाही.

अमेरिकेचा भर करसवलतीवर राहिला. जिमी कार्टर यांच्या काळात, १९७८ च्या ऊर्जा-कर कायद्याने घराच्या उष्णतारोधनावरच्या पहिल्या दोन हजार डॉलरांवर १५ टक्के, म्हणजे ३०० डॉलरपर्यंत करात सूट मिळाली. २०२२ च्या महागाईनियंत्रण कायद्याने हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दोन हजार डॉलरपर्यंत सूट दिली. त्याच वर्षी अमेरिकेत हीट पंपांची विक्री गॅसच्या भट्ट्यांना मागे टाकून पुढे गेली. पण करसवलतीचा दोष जुनाच आहे. ज्याला करच भरावा लागत नाही इतके ज्याचे उत्पन्न कमी, त्याच्या हाती या सवलतीतून काही पडत नाही. ही उणीव भरून काढायला अल्प उत्पन्न गटासाठी आठ हजार डॉलरपर्यंतची थेट सूट राज्यांमार्फत देण्याची तरतूद त्याच कायद्यात झाली. पुढे ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ती करसवलत डिसेंबर २०२५ अखेर संपवली. दहा वर्षांसाठी म्हणून दिलेला शब्द तीन वर्षांत मोडला.

औदार्याचा अतिरेक पाहायचा तर इटली. मे २०२० मध्ये तिथे 'सुपरबोनस' आला: भिंतींचे उष्णतारोधन, तापनव्यवस्था बदलणे अशा कामांवर खर्चाच्या ११० टक्के करसूट. अट एवढीच की इमारतीची ऊर्जा-श्रेणी दोन पायऱ्यांनी वर जावी. शिवाय ही सूट बँकेला किंवा ठेकेदाराला विकता येत होती, त्यामुळे घरमालकाला खिशात हात घालावाच लागत नव्हता. जे काम फुकटाहून स्वस्त आहे त्याचा भाव करायला कोण बसेल? ठेकेदाराने सांगितलेली किंमत मालक निमूट मान्य करू लागला, परांच्या नळ्यांपासून कारागिरांपर्यंत सगळ्याचे दर चढले, आणि न झालेल्या कामांच्या नावावर सूट लाटल्याची प्रकरणे उघड झाली. योजनेचा भार १२० अब्ज युरोंच्या पलीकडे गेला आणि सुमारे पाच लाख इमारतींना तिचा फायदा मिळाला. २०२३ मध्ये मेलोनी सरकारने सूट विकण्याची सोय बंद केली आणि टक्केवारी टप्प्याटप्प्याने उतरवली. या करसुटीचा बोजा इटलीच्या तिजोरीवर पुढची कित्येक वर्षे राहणार आहे. घरमालकाने खर्चाचा निदान थोडा वाटा तरी स्वतः उचलावा, हा धडा यातून निघतो.

फ्रान्सची 'माप्रिमरेनोव्ह' योजना २०२० पासून कुटुंबांचे उत्पन्नानुसार निळा, पिवळा, जांभळा, गुलाबी असे चार गट पाडून अनुदान देते. सर्वांत गरीब निळ्या गटाला सर्वांत जास्त. वाटपाची ही पद्धत न्याय्य आहे. पण बनावट अर्ज इतके वाढले आणि तपासणी इतकी तुंबली की २०२५ च्या उन्हाळ्यात ती काही काळ थांबवावी लागली. ब्रिटनमध्ये गरीब घरांसाठी वीज कंपन्यांवर सोपवलेल्या योजनेतून भिंतींना बाहेरून रोधक थर लावले गेले. लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले की अशा कामांपैकी ९८ टक्क्यांत मोठे दोष आहेत. त्या घरांची संख्या बावीस-तेवीस हजार. काम सदोष असले की भिंतीत ओल मुरते आणि आत बुरशी धरते. ज्या कुटुंबांना ऊब देण्यासाठी हे केले, त्यांच्याच घरात ओल आणि बुरशी आली, याची चीड यायलाच हवी. कामाची तपासणी ज्या यंत्रणेने करायची, तिच्यावर पैसे वाचवणे हा सर्वांत महाग पडणारा काटकसरीपणा आहे.

या सगळ्या गोंधळाच्या तुलनेत उत्तर युरोपातल्या देशांनी शांतपणे बाजी मारली आहे. नॉर्वेत दहापैकी सहा घरांत हीट पंप आहे, आणि तिथला हिवाळा ब्रिटनपेक्षा किती तरी कडक असतो. स्वीडनने १९९१ मध्येच कर्बकर लावला आणि तो वर्षानुवर्षे चढवत नेला, त्यामुळे तेल जाळणे आपोआप आतबट्ट्याचे ठरले. नव्वदच्या दशकात सरकारने चांगल्या हीट पंपांची मागणी एकत्र करून उत्पादकांसमोर ठेवली, कारागिरांच्या प्रशिक्षणावर आणि यंत्रांच्या चाचणीवर पैसा लावला. नॉर्वेने घरे तापवण्यासाठी तेल जाळण्यावर २०२० पासून बंदी घातली, पण ती २०१७ मध्येच जाहीर करून लोकांना तयारीला वेळ दिला. या देशांत अनुदानेही होती, पण ती माफक होती. मुख्य आधार होता तो विजेच्या आणि तेलाच्या दरांतल्या योग्य फरकाचा आणि वीस-तीस वर्षे न बदललेल्या धोरणाचा.

महाराष्ट्रात खोल्या तापवण्याची गरज क्वचितच भासते. पाणी तापवण्याची मात्र रोज असते, आणि त्यासाठी हाच विचार इथेही झाला आहे. पुणे महापालिका सौर पाणीतापक, गांडूळखत प्रकल्प, पावसाच्या पाण्याचे संकलन यांपैकी एक सोय असलेल्या मिळकतीला करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट देते. रक्कम लहान आहे, पण दरवर्षी मिळते; त्यामुळे यंत्र चालू ठेवण्यालाही प्रोत्साहन राहते. एकदाच मिळणाऱ्या अनुदानात हा गुण नसतो.

इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, फ्रान्स इथे स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांनी जुनी घरे विकत घेतली आहेत, त्यांच्यासमोर हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. त्यांनी बॉयलर बंद पडायची वाट पाहू नये. तो चालू असतानाच, शक्यतो उन्हाळ्यात, दोन-तीन प्रमाणित इन्स्टॉलरांकडून दरपत्रके घ्यावीत. प्रत्येकाकडून खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब, रेडिएटरमध्ये किती अंशांचे पाणी सोडणार आणि वर्षभरात एका युनिट विजेमागे किती उष्णता मिळणार, हे लेखी मागावे. जो हे आकडे न देता फक्त अनुदानाची रक्कम सांगतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये.